घरात कोणीच नव्हते

रायपूरहून दुर्गकडे जाणारी गाडी भिलाईच्या हद्दीत शिरली की पावर हाउस नावाचे एक स्थानक लागते. स्थानकाला एखाद्या देवाचे, नदीचे किंवा जुन्या खेड्याचे नाव असावे, ही सर्वसाधारण रीत. येथे मात्र वीजघराचेच नाव स्थानकाला आणि भोवतीच्या बाजारपेठेला मिळाले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराने भिलाईत पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून या परिसरातील रात्र पूर्वीसारखी काळी राहिली नाही. भट्टीतील तप्त धातुमळी ओतली जाते तेव्हा आभाळाची एक कड तांबूस होते आणि थोड्या वेळाने विझते. नवख्या माणसाला ती आग वाटते. येथे वाढलेली मुले मान वर करूनही पाहत नाहीत.

कारखान्याबरोबर माणसे आली. तेलुगू आली, मल्याळी आली, बंगाली, पंजाबी, ओडिया आली आणि त्यांच्यात मराठीही आली. छत्तीसगडात मराठी माणूस तसा नवा नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता रतनपूर-रायपूरपर्यंत पोहोचली. १८५४ साली ते राज्य खालसा झाले, पण मराठी घरे राहिली. त्यांच्यात पोलादाच्या निमित्ताने विदर्भातून आलेल्या कुटुंबांची भर पडली. पावर हाउसला लागून असलेल्या कॅम्प भागात अशी घरे आहेत. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी असा त्यांचा दिवस जातो. इंग्रजीशी गाठ पडते ती अर्जावर, औषधाच्या चिठ्ठीवर आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर.

अशाच एका घरातील तिघांची मते येथे नोंदवायची आहेत. मते एका खेळाविषयी आहेत. खेळाविषयीच्या मतांना एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. परंतु माणूस कशाला घाबरतो आणि घाबरल्यावर काय करतो, हे कळण्याची इतकी निर्धोक जागा दुसरी नाही.

व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे बोलणारा ‘मी’. संगणकाच्या खेळांतही एक प्रथमपुरुषी प्रकार असतो. त्यात नायक पडद्यावर दिसत नाही, कारण खेळणाऱ्याचे डोळे हेच नायकाचे डोळे असतात. माऊस डावीकडे सरकवला की मान डावीकडे वळते. बटण दाबले की पाऊल पुढे पडते. अशा खेळात बंदूक नसेल, केवळ एक जागा, काही बंद दारे, कुलपे व कोडी असतील, तर तो साहसकोड्यांचा खेळ होतो. बाहेर वीज कडाडत असेल आणि पायाखालची फळी करकरत असेल, तर त्याच खेळाला भयाचा रंग चढतो.

कॅम्पमधील त्या घरातला मुलगा दिवसा जवाहर मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दहावी अर्धवट राहिली होती. ती पूर्ण करण्याचा खटाटोप चालू आहे. जुना संगणक त्याने सुटे भाग जमवून स्वतः उभा केला. घरात त्याची आत्या असते. वय साठीच्या पुढे, वाचन देवनागरीपुरते. रविवारी बहिणीकडची मंडळी येतात, तेव्हा भाऊजीही खुर्ची ओढून बसतात. मुलाने सवलतीत घेतलेला ‘गॉन होम’ हा खेळ या तिघांनी मिळून, दोन रविवारी, खेळून संपवला. खेळत होता एकटा भाचा. मते मात्र तिघांची झाली.

हा खेळ अमेरिकेतील पोर्टलंड येथील फुलब्राइट या चारजणांच्या चमूने तयार केला आणि १५ ऑगस्ट २०१३ रोजी तो बाजारात आला. कथा १९९५ सालच्या जून महिन्यातील एका रात्रीची आहे. केटी नावाची तरुणी वर्षभर युरोपात भटकून घरी परतते. घर तिच्या ओळखीचे नाही, कारण ती परदेशी असताना कुटुंब नव्या वास्तूत राहायला आले आहे. बाहेर वादळ, आत दिवे अर्धवट, दाराला कुलूप आणि दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी: मला शोधू नकोस. पडवीतल्या कपाटात बदकाची एक मूर्ती असते, तिच्याखाली किल्ली सापडते. दार उघडते. घरात कोणीच नसते.

“काय रे, एवढं मोठं घर आणि कोणीच नाही का?” आत्याने विचारले.

“नाही आत्या. आता शोधायचं. कपाटं उघडायची, चिठ्ठ्या वाचायच्या.”

“दुसऱ्याच्या चिठ्ठ्या?”

या प्रश्नावर भाच्याजवळ उत्तर नव्हते. खेळाजवळही ते नाही, आणि हा आक्षेप आत्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

दूरध्वनीवरचे संदेश साठवणाऱ्या यंत्राचे बटण दाबल्यावर एका मुलीचा रडवेला आवाज येतो. शाळेतील मुले या घराला वेड्याचे घर म्हणत, असे कळते. पूर्वी येथे राहणारा वडिलांचा काका याच घरात एकाकी जगून मेला. धाकटी बहीण सॅम आणि तिची मैत्रीण लॉनी यांनी त्याच्या भुताचा शोध घेण्याचा खेळ मांडला होता, त्याच्या खुणा जागोजाग आढळतात. भाऊजी खुर्चीच्या कडेवर आले. मग न्हाणीघर. टबमध्ये लालभडक डाग. आत्याने पदर तोंडाशी नेला. भाच्याने जवळ जाऊन पाहिले, तर शेजारी केस रंगवण्याच्या रंगाची बाटली पडलेली. सॅमने मैत्रिणीचे केस रंगवले होते, इतकेच. पुढे भिंतीमागच्या चोरवाटेत एक क्रूस हाती घेताच डोक्यावरचा दिवा फुटतो. तेव्हा भाऊजी मोठ्याने ओरडले आणि लगेच, चहा सांडला म्हणून ओरडलो, असे सांगू लागले.

सर्वांत वर पोटमाळा. तेथे जाणाऱ्या जिन्यावर लाल दिवे. सॅमच्या मनःस्थितीविषयी तोवर इतके कळलेले असते की वर काय दिसेल, या कल्पनेने पाय अडतो. भाच्याने माऊस सोडून दिला. आत्या म्हणाली, “जा वर. पोरगी असेल तर एकटी कशी ठेवायची?”

वर सॅम नसते. असते तिची रोजनिशी. तिचे आणि लॉनीचे परस्परांवर प्रेम आहे. आईवडील ते मानायला तयार नाहीत. लॉनी सैन्यात भरती होण्यास निघाली होती, ती वाटेतच उतरली आणि सॅम तिच्याकडे निघून गेली. खेळ संपतो. भूत नाही, मृतदेह नाही, खून नाही.

भाऊजींचे मत तत्काळ आले. “भूतच नाही! मग गडगडाट कशाला केला?”

हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. जगभर हजारो खेळाडूंनी हेच म्हटले. समीक्षकांनी ‘गॉन होम’ची भरभरून स्तुती केली, सामान्य खेळाडूंत मात्र उभी फूट पडली. प्रारंभी त्याची किंमत सुमारे २० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने बाराशे रुपयांच्या आसपास, आणि खेळ दोनतीन तासांत संपत असे. एवढे पैसे देऊन आपण फक्त चाललो, असे अनेकांनी सुनावले. अशा खेळांसाठी ‘चालण्याचा सराव’ अशा अर्थाचे एक कुचेष्टेचे नाव तेव्हाच रूढ होत होते. काहींचा राग दोन मुलींच्या प्रेमकथेवर होता आणि तो किमतीच्या तक्रारीत लपवलेला होता. उलट काही खेळाडूंनी लिहिले की पोटमाळ्याच्या जिन्यावर जेवढी भीती वाटली तेवढी कोणत्याही राक्षसासमोर वाटली नव्हती. कारण ही भीती स्वतःच्या जिवाची नव्हती, धाकट्या बहिणीच्या जिवाची होती.

दोन्ही मते एकाच घराविषयी आहेत. घर तेच, जिना तोच, डागही तोच. भाऊजींची फसवणूक झाली हे खरेच आहे, कारण वादळ, चोरवाटा आणि फुटणारा दिवा ही सर्व भयकथेची सामग्री निर्मात्यांनी जाणूनबुजून मांडली होती. त्यांनी भुताचा आभास दाखवून माणसे दाखवली. ज्याला भूतच पाहायचे होते त्याने तक्रार केली तर ती रास्त आहे. मात्र ‘त्यात काही नव्हते’ आणि ‘मला हवे ते त्यात नव्हते’ या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि मत देणारे बहुतेक लोक पहिले वाक्य बोलून मोकळे होतात.

खेळाडूंमधील हा वाद जुना आहे. १९९३ साली ‘मिस्ट’ नावाचा खेळ आला. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तो अमेरिकेतील स्पोकेन शहराजवळ तयार केला होता. एक निर्मनुष्य बेट, त्यावर ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, गोदीत अर्धवट बुडालेले जहाज. कोणी मारत नाही, कोणी मरत नाही, वेळेची मर्यादा नाही. डब्यात खेळाबरोबर एक कोरी वहीही मिळत असे, कारण खुणा लिहून ठेवल्याशिवाय कोडी सुटत नसत. साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या; २००२ साली ‘द सिम्स’ने मागे टाकीपर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ हाच होता. तरीही कित्येकांनी त्याला चित्रांची नुसती सरकती माळ म्हटले. त्यांना त्या बेटावर कंटाळा आला. दुसऱ्यांना तेथील शांततेचीच भीती वाटली. ग्रंथालयातील दोन पुस्तकांत दोन भाऊ कैद आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याला गुन्हेगार ठरवून स्वतःची सुटका मागतो. शब्द दोघांचेही गोड. परंतु त्यांच्या खोल्या धुंडाळल्या की एकाचा हावरटपणा व दुसऱ्याची क्रूरता वस्तूंतूनच उघडी पडते. ज्याने खोल्या पाहिल्या नाहीत आणि नुसते बोलणे ऐकले, तो स्वतःच पुस्तकात अडकतो.

त्याच वर्षीचा ‘द सेव्हन्थ गेस्ट’ अधिक भडक होता. खेळणी बनवणाऱ्या एका दुष्टाचा वाडा, त्यात खरोखरीची भुते आणि प्रत्येक खोलीत एक कोडे. भाऊजींना तो नक्की आवडला असता. त्यातील एका कोड्याविषयीच्या तक्रारी मात्र आजतागायत ऐकू येतात. स्वयंपाकघराच्या फडताळात अक्षरे लिहिलेले डबे असतात आणि ते असे लावायचे की इंग्रजी वाक्य तयार व्हावे. पण स्वर म्हणून त्यात केवळ ‘वाय’ हे एकच अक्षर आहे. इंग्रजी मातृभाषा असणारेही तेथे टेकीला आले. वाड्याच्या कथेशी या डब्यांचा संबंध काय, असा त्यांचा प्रश्न होता. पावर हाउसच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न आणखी साधा आहे. कुलपाची किल्लीच परक्या भाषेत असेल, तर बुद्धी असूनही माणूस दाराबाहेर राहतो. दारात अडकलेल्या माणसाचे मत कोणी विचारीत नाही. त्याने खेळ सोडून दिला, एवढीच त्याची नोंद होते.

‘गॉन होम’मधील कागदही इंग्रजीतच होते. भाचा प्रत्येक चिठ्ठी आधी स्वतः, ओठ हलवीत, वाचायचा, अडलेला शब्द मोबाइलवर शोधायचा आणि मग आत्याला मराठीत सांगायचा. पहिल्या रविवारी सहा चिठ्ठ्यांना तास लागला. भाऊजी कंटाळले. आत्या कंटाळली नाही; उलट एखाद्या चिठ्ठीचा अर्थ जुळला नाही की ती म्हणे, “असं कसं म्हणेल ती? पुन्हा वाच.” पुन्हा वाचल्यावर एकदोनदा अर्थ खरोखरच वेगळा निघाला. तीन तासांचा खेळ या घरात सात तास पुरला. पैसे वसूल झाले की नाही, या हिशेबात ही बाब कोणीच धरीत नाही.

मराठी वाचकाला भयाची ही दोन टोके अपरिचित नाहीत. नारायण धारप यांच्या कथांत अमानवी शक्ती खरीच असते आणि तिच्याशी दोन हात करावे लागतात. रत्नाकर मतकरी यांच्या पुष्कळशा गूढकथांत भीती माणसांच्या नात्यांतून, मनातील अपराधातून आणि आसक्तीतून वर येते. वाचनालयांतून या दोघांची पुस्तके हातोहात गेली आणि वाचकांचे वादही रंगले. एकाला शेवटी उलगडा हवा असतो, दुसऱ्याला उलगडा झाला की कथा संपल्यासारखी वाटते. खेळात या वादाला एक वेगळे वळण मिळते. पुस्तकाचे पान उलटणे म्हणजे पुढे जाणे; खेळात पुढे जाणे म्हणजे अंधाऱ्या खोलीचे दार स्वतःच्या हाताने ढकलणे. थबकायचे की जायचे, हे लेखक ठरवीत नाही. त्यामुळे खेळाविषयी मत देणारा नकळत स्वतःविषयीही काही सांगून जातो.

आत्याचे मत दोनतीन दिवसांनी आले, तेही भाकरी थापताना. “तो तांबडा डाग पाहिला ना, तेव्हा मला वाटलं, झालं. पण तू जवळ जाऊन बाटली पाहिलीस. आमच्याकडे कोणी जवळ जाऊन पाहिलं नाही.”

राजनांदगावच्या पलीकडे एका खेड्यात तिचे बालपण गेले. तेथे एका पावसाळ्यात ओकारी-जुलाबाने मुले दगावली. गावाच्या टोकाला एक विधवा राहत असे. ती टोनही आहे, तिने नजर लावली, असे कोणीतरी म्हणाले आणि गावाने ते धरून ठेवले. टोनही म्हणजे चेटकीण. विहिरीचे पाणी कोणी तपासले नाही. त्या बाईला मारहाण झाली, तिची झोपडी मोडली आणि ती गाव सोडून गेली. कोठे गेली, हे आत्याच्या घरात कधी बोलले गेले नाही. आत्या तेव्हा नऊदहा वर्षांची होती. त्या बाईने तिला बोरे दिली होती आणि ती आपण खाल्ली, या धास्तीने ती कित्येक रात्री जागी राहिली.

मराठी पंचांगाप्रमाणे आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातील दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करतात. त्याच दिवशी छत्तीसगडात हरेली असते. शेतीची अवजारे धुऊन पुजली जातात, दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात, लोहार चौकटीवर खिळा ठोकून जातो. सण हिरवळीचा आणि आनंदाचा. पण त्या रात्री टोनही बाहेर पडते, अशी समजूतही त्याला चिकटलेली आहे. कडुनिंबाच्या डहाळीने कोणाचे वाईट होत नाही. वाईट होते ते बोट एखाद्या बाईकडे वळले म्हणजे. हे इतके वेळा घडले की राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या स्त्रीला टोनही ठरवणे हाच त्यात गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्रात अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला.

म्हणून भूत नसलेला खेळ आत्याला आवडला. तिचे कारण समीक्षकांच्या कारणांपेक्षा वेगळे होते. ज्या घराला सारे गाव वेड्याचे घर म्हणते, तेथे शेवटी दोन घाबरलेल्या मुली आणि त्यांचे काही कागद निघतात, हे तिला पटले. मुलींच्या प्रेमाविषयी ती फारसे बोलली नाही. “आईबापांनी ऐकून तरी घ्यायचं,” एवढेच म्हणाली आणि तवा उतरवला.

भाच्याचे मत या दोघांच्या मधले होते. त्याला कुलपांची कोडी सोपी वाटली, चालणे संथ वाटले, वडिलांविषयीचे कागद कंटाळवाणे वाटले. पण कोणत्या खोलीत आधी जायचे हे खेळाने सांगितले नाही, ते त्याला आवडले. स्वाध्यायाच्या वहीत त्याने या खेळावर दीड पान लिहिले. भाऊजींचे म्हणणे त्यात त्याने जसेच्या तसे घातले आणि पुढे लिहिले की भाऊजींना खरे भय हवे असेल तर त्यांनी दुसरा खेळ खेळावा.

तो दुसरा खेळ म्हणजे ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’. स्वीडनमधील फ्रिक्शनल या संस्थेने तो २०१० साली काढला. काळ १८३९चा, स्थळ प्रशियातील एक किल्ला, आणि नायक स्मृती गमावलेला. शस्त्र कोणतेच नाही. कंदिलाचे तेल संपत जाते, अंधारात थांबले तर मन ढळू लागते आणि राक्षसाकडे पाहत राहिले तरीही ढळते. जिंकण्याच्या हेतूने हा खेळ खेळू नये, अशी सूचना निर्माते सुरुवातीलाच देतात. त्यातील पाण्याने भरलेल्या तळघराविषयी खेळाडू अजून बोलतात. तेथील जीव दिसतच नाही. पाण्यावर फक्त त्याच्या पावलांचे शिंतोडे उडताना दिसतात आणि ते जवळ येत जातात. पाण्यात पाय न घालता एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर उड्या मारीत पुढे सरकायचे. या प्रसंगाला कोणी खेळातील सर्वोत्तम म्हणतात, तर कोणी त्याच ठिकाणी खेळ बंद करून पुन्हा उघडत नाहीत.

पुढच्या रविवारी भाऊजींनी माऊस स्वतःच्या हाती घेतला. खोलीतला दिवा त्यांनीच मालवायला लावला. तळघरापर्यंत पोहोचायला दुपार गेली. पहिल्या पेटीवर ते चढले, दुसरीवर गेले, तिसरी दूर होती. मध्ये पाणी. कोपऱ्यात काहीतरी छपछपले आणि थांबले. भाऊजी त्या पेटीवर उभे राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. भाचा म्हणाला, पाण्यात काहीतरी फेका, म्हणजे त्याचे लक्ष तिकडे जाईल. भाऊजी हलले नाहीत.

आत्या दारात डाळ निवडत बसली होती. चष्मा वर करून तिने पडद्याकडे पाहिले.

“उतरा की जावई,” ती म्हणाली, “कोणी दिसत तर नाही.”

“म्हणूनच नाही उतरत,” भाऊजी म्हणाले.